‘मला कुठं एवढं येतं!’

सीमाभागातल्या मराठी बाईला चार माणसांत बोलवून पाहा. तिचे पहिले वाक्य ठरलेले असते : ‘मला कुठं एवढं येतं!’ भजनी मंडळात बोलवा, वाचनालयाच्या कार्यक्रमात दोन शब्द बोला म्हणा, हातची पाककृती लिहून मागा, वाक्य तेच. आपल्याकडे याला विनय समजतात आणि सासरी-माहेरी त्याचे कौतुकही होते. मला मात्र ते वाक्य ऐकले की राग येतो, आणि वय वाढेल तसा तो वाढतोच आहे. राग बोलणारीचा नाही. तिच्या तोंडी हे वाक्य ज्यांनी बसवले त्यांचा आहे. त्यांत घरची माणसे जितकी, तितक्याच आपल्या मंडळांतल्या बायकाही आहेत, हे या लेखात मला स्पष्ट सांगायचे आहे.

विषय मी विणकामापुरताच धरते. बेळगाव अडीच हजार फुटांवरचे गाव. पावसाळ्यातला गारठा आणि डिसेंबरातली पहाट यांना इथे लोकर लागते. आम्ही काही जणी गुरुवारी दुपारी तीन ते पाच एका घराच्या व्हरांड्यात सुया घेऊन बसतो. पाटी नाही, पावती-पुस्तक नाही. आमच्या भागात विणणाऱ्या बायका किती, हे मला चांगले ठाऊक आहे. दोरीवर वाळत घातलेला हातविणीचा स्वेटर लांबून ओळखू येतो आणि बाळंतिणीच्या घरातले टोपडे-मोजे कोणी विणले हे विचारल्यावाचून कळते. या बायकांपैकी निम्म्याही गुरुवारी येत नाहीत. का येत नाहीत, हे मी एकेकीला विचारले. एक म्हणाली, माझी लोकर साधी, तुमच्यात आणायला लाज वाटते. दुसरी म्हणाली, मी मोबाइलवर बघून शिकले, ते काही खरं विणकाम नव्हे. तिसरी आमच्या गल्लीत सून म्हणून आलेली, माहेर धारवाडकडचे. ती म्हणाली, ‘अक्का, नंदु मराठी मोडकं.’ चौथी म्हणाली, ह्यांना विचारून सांगते. पाचवी काहीच बोलली नाही. नुसते ‘आता मी कुठं येऊ?’ म्हणाली आणि दार लोटून घेतले. तिचे यजमान जाऊन दोन वर्षे झाली आहेत.

प्रथम या पाचवीचेच घेते, कारण बाकीच्या चौघींचे दोन शब्दांत समाधान करता येईल. हिचे येणार नाही.

ही बाई कशाला घाबरते? लोकरीला नाही, सुयांनाही नाही. तिने विणलेल्या वेणीच्या नमुन्याचा स्वेटर मी पाहिला आहे. तसा आमच्यातल्या एकीलाही जमणार नाही. ती घाबरते ती कुंकवाच्या करंड्याला. आपल्याकडे बायकांचे कोणतेही मंडळ सुरू झाले की संक्रांतीला त्याचे हळदीकुंकू होते. शिवणकामाचा वर्ग असो, भिशी असो, योगासनांचा गट असो, जानेवारी उजाडला की वाण आले, तिळगूळ आला आणि करंडा फिरू लागला. तो फिरत फिरत एका खुर्चीशी येतो, क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. त्या क्षणाचा अपमान काय असतो, हे करंडा फिरवणारीला कधी कळत नाही. कळले तरी ‘रीतच आहे, आपण काय करणार’ म्हणून ती मोकळी होते. मग आम्ही वर्षभर म्हणत राहतो, त्या हल्ली बाहेरच पडत नाहीत हो, फार मनाला लावून घेतलंय त्यांनी!

मनाला लावून घेतलेले नाही, भगिनींनो. आपण लावले आहे. इथून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद केल्या. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. एका खेड्याच्या ग्रामसभेला जे सुचले, ते शहरातल्या सुशिक्षित बायकांच्या मंडळाला सुचू नये? हळदीकुंकवाला माझा विरोध नाही. ज्याला त्याला आपापल्या घरी करू द्या, आणि घरीही सर्वांना करंडा द्या. पण जिथे बायका विणायला जमतात, तिथे त्याचे काम काय? विणकामाच्या बैठकीत कुणाला नवरा आहे आणि कुणाला नाही, हे सांगायला लावणारी एकही गोष्ट असता कामा नये. हे जोवर आम्ही लेखी ठरवत नाही, तोवर पाचवीच्या दारावर जाऊन ‘या की हो’ म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही.

आता दुसरी, मोबाइलवरून शिकलेली. हिच्या बाबतीत माझे भांडण आहे ते आमच्यातल्या जाणत्या म्हणवणाऱ्यांशी. नवी बाई सुया हातात घेते न घेते तोच कुणीतरी म्हणते, ‘अगं, दोरा असा धरायचा नाही!’ झाले. पुढच्या गुरुवारी ती येत नाही.

दोरा कसा धरायचा, याचे जगात एकमत कधीच नव्हते. इंग्रज बायका तो उजव्या हाताने सुईवर टाकतात. जर्मनीत आणि युरोपातल्या पुष्कळ भागांत तो डाव्या बोटावर ताणून धरतात आणि सुईच्या टोकाने ओढून घेतात. आपल्याकडे मिशनच्या शाळांतून आणि मडमांकडून विणकाम आले, म्हणून उजव्या हाताची पद्धत आपल्याला ‘बरोबर’ वाटते. एलिझाबेथ झिमरमन ही मूळची इंग्रज बाई अमेरिकेत गेली आणि डाव्या हाताने विणत राहिली. तिचे ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक १९७१ साली निघाले. नावाचा अर्थच मुळी ‘न रडता विणकाम’. आपल्या मंडळांत ते नाव भिंतीवर लिहून ठेवावे.

‘चूक’ कशाला म्हणतात त्याचा एक नमुना देते. स्वतः शिकलेल्या पुष्कळ जणी उलट टाका घेताना दोरा सुईच्या वरून न फिरवता खालून उचलतात. हाताला ते सोपे पडते. असा टाका सुईवर उलट्या पायावर बसतो. पुढच्या ओळीत तो नेहमीसारखा पुढून विणला तर पिळला जातो आणि वीण आवळते. जाणती बाई हे पाहते आणि सगळे उसवायला सांगते. वास्तविक पुढच्या ओळीत सुई टाक्याच्या मागच्या पायातून घातली की काम झाले. पीळ नाही आणि उसवणेही नाही. ही काही घरगुती पळवाट नव्हे. ही स्वतंत्र, मान्य पद्धत आहे आणि मेरी थॉमसच्या १९३८ च्या विणकामाच्या पुस्तकातही ती आहे. ज्या बाईला आपण ‘चुकीचं विणतेस’ म्हणून घरी पाठवले, ती चुकीचे विणतच नव्हती. आपल्याला एकच पद्धत ठाऊक होती, एवढेच.

मोबाइलवाल्या बाईचा स्वेटर तरीही बिघडतो, हे खरे. पण त्याची कारणे वेगळी आहेत आणि ती तिला पडद्यातून कुणी सांगत नाही. आपल्या दुकानांतल्या सुया जुन्या इंग्रजी नंबरांच्या : आकडा वाढला की सुई बारीक. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची, १० नंबरची सव्वातीन. अमेरिकेत नेमके उलट, आकडा वाढला की सुई जाड. तिकडची ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. पडद्यावरची बाई ‘नंबर आठ’ म्हणते, आपली बाई खडेबाजारातून नंबर आठ आणते आणि तयार झालेला स्वेटर नवऱ्याच्या ऐवजी मुलाला होतो. मग ती म्हणते, मला कुठं येतं!

दुसरे कारण हाताच्या ताणाचे. समजा नमुन्यात इंचाला ६ टाके धरले आहेत आणि छाती ३६ इंच. सगळे मिळून २१६ टाके झाले. तुमचा हात थोडा आवळ असला आणि इंचाला साडेसहा टाके बसले, तर तेच २१६ टाके जेमतेम ३३ इंच भरतात. इंचामागे अर्धा टाका, तो डोळ्यांना दिसतही नाही. अंगात घालताना मात्र दिसतो. याला उपाय एकच : आधी चार इंचांचा चौकोन विणून पट्टी लावायची. हे दोन मिनिटांत सांगायला शेजारी एक माणूस लागते. मंडळ हवे ते एवढ्यासाठी. प्रशस्तिपत्रासाठी नव्हे, आणि वार्षिक प्रदर्शनात परीक्षकांपुढे माना खाली घालून उभे राहण्यासाठी तर नव्हेच नव्हे.

परीक्षकांवरून आठवले. युरोपात एके काळी विणणाऱ्यांचे संघ होते, आपल्या जुन्या श्रेण्यांसारखे, आणि ते पुरुषांचे होते. वर्षानुवर्षे उमेदवारी करायची, मग विणलेला गालिचा, टोपी, मोजे अशा वस्तू परीक्षेला ठेवायच्या, तेव्हा उस्ताद म्हणून मान्यता. त्यात पोटापाण्याचा प्रश्न होता, म्हणून दार अरुंद ठेवण्याला काही अर्थ तरी होता. १५८९ मध्ये विल्यम ली याने मोजे विणायचे यंत्र काढले आणि पुढे त्या संघांचे महत्त्व ओसरले. आज आपल्या व्हरांड्यात कुणाचे पोट अडले आहे, म्हणून आपण दाराशी परीक्षा घेत बसतो?

साध्या लोकरीची लाज वाटणारीला माझे सांगणे थोडक्यात आहे. आमच्यातल्या एकीकडे महागडी लोकर असते. ती दर गुरुवारी तिचा भाव सांगते. तो आम्ही ऐकत नाही. तुम्हीही ऐकू नका.

आता माहेर धारवाडकडचे असलेल्या सुनेचे. इथे मला जपून लिहायला हवे, कारण पाटीवर कोणती भाषा असावी यावरून १९५६ पासून इथे काय काय झाले, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. माझे मत काय, तेही त्यांना माहीत आहे. ते बदललेले नाही. पण कचेरीशी भांडायचे ते कचेरीशी भांडावे, त्याचा राग व्हरांड्यात का आणावा? आमच्यातलीच एक मला म्हणाली, ‘ती आली की सगळ्या हिंदीत बोलायला लागतील, मग मराठीचं काय?’ शंका खोटी नाही. मी पाहिले आहे, पाच मराठी आणि एक कन्नड बाई बसली की सहाही जणी मोडकी हिंदी बोलतात. कुणाचीच भाषा राहत नाही. पण यावर उपाय त्या सहावीला घरी बसवणे हा आहे का? तिने कन्नडमिश्रित मराठी बोलावे, आम्ही मराठीमिश्रित कन्नड ऐकावे. आमची बेळगावची मराठी तरी कुठे सोवळ्यातली आहे? पुण्यात तिला हसतात. पु. लं.नी ‘रावसाहेब’ लिहिले तेव्हा तीच बोली सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. आपल्या बोलीला हसलेले आपल्याला खपत नाही, आणि धारवाडच्या पोरीच्या मोडक्या मराठीला आपण गुरुवारी हसणार!

शिवाय सुईदोऱ्याच्या बाबतीत या भागात भाषा कधी आड आली होती, मला सांगा. इरकली लुगड्यावरचा कशिदा म्हणजे कसुती. तिचे टाके गवंती, मुरगी, नेगी, मेंथी. नावे कन्नड, पण इथल्या मराठी घरांतही ती ओळखीची आहेत. मागे गाठ दिसता कामा नये, गवंती आणि मुरगी दोन्हीं बाजूंनी सारखी दिसली पाहिजे, हा नियम शिकवणारीने कन्नडमधून सांगितला की मराठीतून, याची चौकशी कुणी केल्याचे ऐकिवात नाही. शहापूर-वडगावच्या मागांवर साड्या विणल्या गेल्या, त्यांच्या ताण्याबाण्यालाही कुणी मातृभाषा विचारली नाही.

आणि टाके मोजणे ही गोष्ट अशी आहे की ती माणूस आपल्याच भाषेत करतो. बारा वर्षे इंग्रजी शाळेत शिकलेली पोरसुद्धा घाईत टाके मोजताना ‘अठ्ठावीस, एकोणतीस’ म्हणते. ती धारवाडची सून ओंदु, एरडु, मूरु म्हणेल. म्हणू दे. मोजणाऱ्या बाईशी बोलू नये, हा एकच नियम दोन्ही भाषांना लागू आहे. मराठीचे काय, म्हणणारीने उलट याची काळजी करावी की आपल्याच घरातल्या मुली आता सुलट-उलट म्हणत नाहीत, मोबाइल ऐकून ‘निट’ आणि ‘पर्ल’ म्हणतात. सुलट आणि उलट हे शब्द त्या सुनेला शिकवा. ती ते आपल्या मुलीला शिकवेल. तुमच्या नातीला शिकवायला तुम्ही घरी आहात ना?

राहिली चौथी, ह्यांना विचारून सांगणारी. ‘हे’ काय म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. लुधियानाचा तयार स्वेटर बाजारात मिळतो, थंडीत तिबेटी लोक रस्त्यावर दुकाने मांडतात, तिथे दोन घासाघिशीत काम होते. मग लोकरीला तेवढेच पैसे घालून महिनाभर डोळे कशाला फोडायचे? हिशेबात हे खरे आहे आणि ते नाकारण्यात मला रस नाही. विणलेला स्वेटर स्वस्त पडतो हा दावा आता कुणी करू नये. पण याच ‘ह्यां’ना मी विचारते, की तुम्ही रोज संध्याकाळी कट्ट्यावर दोन तास बसता, त्यात किती रुपये वाचतात? दूरचित्रवाणीवर क्रिकेटचा सामना आठ तास पाहता, त्यातून घरात काय तयार होते? पुरुषाच्या विरंगुळ्याला हिशेब लागत नाही, बाईच्या विरंगुळ्यातून निदान एक टोपडे तरी निघाले पाहिजे, हा न्याय कुठला? आणि टोपडे निघाले, तर ते बाजारात कितीला मिळते हे सांगायला तुम्ही पुढे!

बायकांनी एकत्र बसण्याची धास्ती तशी जुनीच. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत विणकाम घेऊन सभांना बसणाऱ्या बायकांचा इतका बोभाटा झाला की डिकन्सने १८५९ च्या कादंबरीत शत्रूंची नावे विणीत गुंफणारी मादाम दफार्ज उभी केली. त्याच क्रांतीच्या सरकारने १७९३ च्या ऑक्टोबरात बायकांचे राजकीय क्लब बंद केले. आपल्याकडे रमाबाई रानडे शिकू लागल्या, बायकांच्या सभांना जाऊ लागल्या, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना काय काय ऐकवले, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि तिथे बायका शिवणकाम-हस्तकला शिकू लागल्या. त्यातल्या कितीजणी पहिल्या दिवशी ‘मला कुठं येतं’ म्हणाल्या असतील!

तेव्हा आमच्या व्हरांड्यातल्या सर्वांपुढे मी चार गोष्टी ठेवल्या आहेत. हळदीकुंकू, वाण, ओटी यांतले काहीही गुरुवारी होणार नाही. प्रदर्शन आणि स्पर्धा नाही. नव्या बाईने विचारल्यावाचून तिच्या हातातल्या कामाबद्दल कुणी बोलायचे नाही. पहिले तीन गुरुवार तर मुळीच नाही. भाषा जिची तिची. यावर दोघी रुसल्या आहेत. एकीचे म्हणणे, संक्रांतीचे वाण आणून ठेवले आहे, त्याचे काय करू? मी सांगितले, सगळ्यांना वाट, कुंकवाशिवाय. ती अजून विचार करते आहे.

पाचवीच्या दारावर मी पुन्हा गेले नाही. चारही गोष्टी कागदावर लिहून, खाली आम्हां सात जणींच्या सह्या घेऊन तो कागद तिच्या सुनेकडे दिला आहे.

एक अनपेक्षित प्रश्न मात्र आला आहे. आमचे गाव लष्कराचे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र इथे १९२२ पासून आहे. त्या रेजिमेंटच्या पलटणींनी दुसऱ्या महायुद्धात इटलीतले हिवाळे काढले, आणि तेव्हा सैनिकांसाठी हातमोजे-मफलर विणून पाठवणाऱ्यांत हिंदुस्थानातल्या बायकाही होत्या. विणकामातले आपले निम्मे शब्द तसे लष्करीच : कार्डिगन, रॅग्लन बाही आणि आपल्या माकडटोपीचे इंग्रजी नाव बॅलाक्लाव्हा हे तिन्ही १८५३ ते १८५६ च्या क्रिमियाच्या लढाईतले, पहिले दोन तर सेनाधिकाऱ्यांची नावे. हे सारे गल्लीतल्या एका निवृत्त सुभेदारांना मी कधीतरी सांगितले होते. आता ते विचारतात, पुरुषांना गुरुवारी यायला बंदी आहे काय? उमेदीच्या काळात बर्फात असताना एका सहकाऱ्याकडून ते मफलर विणायला शिकले होते, पण ‘आता मला कुठं एवढं येतं’ म्हणाले. मी त्यांना १० नंबरच्या सुया आणि लोकरीचे दोन गुंडे घेऊन यायला सांगितले आहे. खुर्ची घरून आणावी लागेल, आमच्याकडे सातच आहेत.